स्पर्धा, अनुकरण आणि नवनिर्मिति
(व्हिडिओ खेळयंत्रांच्या इतिहासावरून एक पाठ)

गेल्या सहामाही परीक्षेनंतर घडलेली एक लहानशी गोष्ट सांगून या लेखास आरंभ करितों. नववीच्या वर्गांतील निबंध तपासतांना माझ्या असें ध्यानांत आलें कीं, दोन विद्यार्थ्यांच्या निबंधांतील तीन परिच्छेद शब्दशः सारखे आहेत. दोघांसहि बोलावून विचारलें, तेव्हां एकानें मान खालीं घालून आपली चूक कबूल केली. मीं त्या तीन परिच्छेदांचे गुण कापले. त्यावर तो मुलगा कांहीं वेळ घुटमळला व म्हणाला, "सर, एक विचारूं का? व्हिडिओ गेमचीं यंत्रें करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या एकमेकींचें पाहूनच सर्व कांहीं करितात. एकीनें हातांत धरून हलवावयाचा रिमोट काढला कीं दुसरीहि तसाच काढते. त्यांचे गुण कोणी कापीत नाहीं. उलट त्या कोट्यवधि रुपये मिळवितात. मग मीं काय निराळें केलें?"

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, उद्धटपणा नव्हता; मनापासून पडलेला प्रश्न होता. मीं त्यास म्हटलें, "बाळ, याचें उत्तर आतां देत नाहीं, अभ्यास करून देईन." पुढें दिवाळीच्या सुटींत मीं त्या विषयाचा जो अभ्यास केला, तो सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहे.

आपल्या भाषेंत यासाठीं तीन निरनिराळे शब्द आहेत, हें प्रथम लक्षांत घ्यावें. थोरांचें पाहून आपण शिकतों, तें अनुकरण. दुसऱ्याचें जसेंच्या तसें उतरवितों, ती नक्कल. दुसऱ्याचें घेऊन तें आपलें म्हणून मिरवितों, ती चोरी. तीन शब्द आहेत, त्या अर्थीं तीन गोष्टी आहेत. त्यांच्यामधील सीमा कोठें असते, तें आतां इतिहासांत पाहूं.

१. टेनिसच्या खेळाचा तंटा

राल्फ बेअर या गृहस्थांचा जन्म १९२२ सालीं जर्मनींतील एका ज्यू कुटुंबांत झाला. नाझी राजवटीच्या छळामुळें त्या कुटुंबानें १९३८ सालीं देश सोडून अमेरिकेचा आश्रय घेतला. पुढें बेअर हे न्यू हँपशायरमधील सँडर्स असोसिएट्स या कंपनींत अभियंता झाले. तेथें लष्करी उपकरणें तयार होत असत. घरोघरीं असलेला टेलिव्हिजन केवळ बघण्यासाठींच कां असावा, त्यावर खेळतां कां येऊं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला व १९६६ च्या सप्टेंबरांत त्यांनीं तो कांहीं पानांवर टिपून ठेविला. विल्यम हॅरिसन व विल्यम रश या दोन सहकाऱ्यांच्या साह्यानें १९६८ पर्यंत त्यांचें यंत्र तयार झालें. लांकडासारखा दिसणारा कागद चिकटविलेली ती पेटी "तपकिरी पेटी" या नांवानें प्रसिद्ध आहे. मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें तिचे हक्क घेऊन १९७२ सालीं "ओडिसी" हें पहिलें घरगुती खेळयंत्र बाजारांत आणलें.

हें यंत्र अगदीं साधें होतें. पडद्यावर दोन खेळाडूंचे दोन ठिपके, एक चेंडू व मध्यें एक रेघ, एवढेंच काय तें दिसे. आवाज नव्हता. गुण खेळाडूंनींच कागदावर लिहावयाचे. मैदान दिसावें म्हणून रंगीत पारदर्शक पत्रा पडद्यावर चिकटवावा लागे.

त्याच वर्षीं मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील बर्लिंगेम या गांवीं ओडिसीचें प्रदर्शन भरलें. तेथील नोंदवहींत नोलन बुशनेल यांची सही आहे. पुढील महिन्यांत बुशनेल व टेड डॅबनी यांनीं अटारी कंपनी स्थापन केली. ॲलन अल्कॉर्न हा तरुण अभियंता नवा लागला होता. त्याचा हात बसावा म्हणून बुशनेल यांनीं त्यास टेनिससारखा एक खेळ तयार करावयास सांगितलें. हाच "पाँग". अल्कॉर्ननें त्यांत स्वतःची भर घातली. पडद्यावर गुण आपोआप उमटूं लागले. चेंडू लागतांच टक् असा आवाज होऊं लागला. बॅटीच्या कोणत्या भागावर चेंडू आदळतो यावरून त्याच्या परतण्याचा कोन ठरूं लागला, आणि खेळ लांबला कीं चेंडूची गति वाढूं लागली. पहिलें यंत्र सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत ठेविलें होतें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली; उघडून पाहतात तों नाण्यांची पेटी तुडुंब भरून गेल्यामुळें तें अडलें होतें!

मॅग्नाव्हॉक्सनें १९७४ सालीं अटारीवर दावा लावला. १९७६ सालीं तडजोड होऊन अटारीनें पैसे देऊन रीतसर परवाना घेतला. यांतून दोन गोष्टी एकदम दिसतात. अल्कॉर्नची भर नसती, तर त्या खेळास लोकांनीं इतकें डोक्यावर घेतलें नसतें; आणि बेअर यांची मूळ कल्पना नसती, तर भर घालण्यास कांहीं उरलेंच नसतें. तडजोडीनें अल्कॉर्नचें श्रेय काढून घेतलें नाहीं. बेअर यांचें ऋण तेवढें मान्य करविलें.

येथें एक पुस्ती जोडली पाहिजे. बेअर यांच्याहि आधीं, १९५८ सालीं, विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञांनीं ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेंत पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला होता. परंतु तें यंत्र घरच्या टेलिव्हिजनला जोडण्याचें नव्हतें. तेव्हां "पहिला कोण?" या प्रश्नाचें उत्तर, पहिला कोणत्या बाबतींत, हें ठरविल्यावांचून देतां येत नाहीं.

२. फिर्यादीच आरोपी झाला

पुढें मौजेची गोष्ट घडली. १९७४ सालीं मॅग्नाव्हॉक्स कंपनी फिलिप्सच्या मालकीची झाली. १९८० सालीं जपानच्या नामको कंपनीनें "पॅक-मॅन" हा खेळ काढला व तोरू इवातानी यांचा तो पिवळा, तोंड उघडून ठिपके गिळीत जाणारा गोल प्राणी जगभर लोकप्रिय झाला. त्याच्या घरगुती आवृत्तीचे हक्क अटारीनें घेतले. इतक्यांत फिलिप्सनें आपल्या दुसऱ्या ओडिसी यंत्रासाठीं "के. सी. मंचकिन" नांवाचा खेळ बाजारांत आणला. यांतहि चक्रव्यूह, यांतहि ठिपके गिळणारा गोल प्राणी, यांतहि त्याचा पाठलाग करणारीं भुतें. अटारीनें दावा लावला. ज्या पक्षानें पूर्वीं "आमचा खेळ घेतला" म्हणून फिर्याद केली होती, तोच आतां आरोपीच्या जागीं उभा राहिला.

खालच्या न्यायालयानें मनाई देण्याचें नाकारलें. परंतु १९८२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला व खेळाची विक्री थांबवावयास लाविली. या निकालांतील विवेचन मननीय आहे. न्यायालय म्हणालें कीं, चक्रव्यूहांत ठिपके गोळा करण्याचा खेळ ही केवळ कल्पना आहे. तिच्यावर कोणाचीहि मालकी नाहीं. परंतु ती कल्पना ज्या रूपानें प्रकट झाली तें रूप, म्हणजे तो गिळणारा प्राणी, तीं भुतें, संकट उलटल्यावर त्यांचें रंग बदलून पळत सुटणें, हें निर्मात्याचें आहे. के. सी. मंचकिनमध्यें कांहीं सुधारणा होत्या. त्यांतील ठिपके स्थिर न राहतां हिंडत असत व खेळाडूस स्वतःचा चक्रव्यूह रचतां येत असे. तथापि तेवढ्या फरकांनीं उसनें घेतलेलें रूप झांकलें जात नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें.

विद्यार्थिमित्रांनो, मित्राच्या निबंधांतील चार शब्द बदलून "सर, माझा निराळा आहे" असें सांगणाऱ्यानें हा निकाल अवश्य ध्यानांत ठेवावा. विषय सर्वांचा असतो. मांडणी ज्याची त्याची असते.

३. पोकळ नकलांचा पूर

नकलेस शासन करावयास प्रत्येक वेळीं न्यायालयच लागतें असें नाहीं. १९७७ सालीं अटारीनें कॅसेट बदलून निरनिराळे खेळ खेळतां येतील असें यंत्र आणलें. पूर्वीं १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीनें, जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखालीं, अशी कॅसेट प्रथम आणली होती. अटारीनें ती कल्पना पुष्कळच पुढें नेली. परंतु खेळ रचणाऱ्यांचीं नांवें ती कंपनी छापीत नसे. आपल्या श्रमाचें श्रेय मिळत नाहीं, या असंतोषानें तिचे चार कुशल रचनाकार बाहेर पडले व १९७९ सालीं त्यांनीं ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. त्यांचे खेळ उत्तम होते. त्यांचा नफा पाहून मात्र ज्यांस या कलेचा गंधहि नव्हता अशा अनेक कंपन्या धांवल्या. जो खेळ चालला त्यासारखा दुसरा, त्यासारखा तिसरा, अशी रीघ लागली. अटारीनें स्वतःहि घाई केली. "ई. टी." या चित्रपटावरील खेळ १९८२ च्या नाताळापूर्वीं बाजारांत यावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकाच रचनाकाराकडून तो सुमारें पांच आठवड्यांत पुरा करून घेतला.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. गिऱ्हाइकास चांगलें कोणतें व वाईट कोणतें हें ओळखतां येईना. त्यानें घेणेंच सोडून दिलें. अमेरिकेंत या धंद्याची वार्षिक उलाढाल ३०० कोटी डॉलरांच्या वर गेली होती. १९८५ पर्यंत ती सुमारें १० कोटींवर आली. न खपलेल्या कॅसेटी अटारीनें १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरल्या. ही दंतकथाच असावी असें पुष्कळांस वाटे; परंतु २०१४ सालीं तेथें खणतां त्या खरोखरीच सांपडल्या. चोरीनें एकाचें नुकसान होतें; पोकळ नकलांनीं सगळा बाजार बुडतो.

४. मुरलेल्या तंत्राचा नवा विचार

आतां उलट बाजू पाहूं. जपानमधील क्योतो शहरांत १८८९ सालीं स्थापन झालेली निंटेंडो कंपनी मूळची खेळावयाचे पत्ते करणारी. तिचें १९७७ चें पहिलें घरगुती खेळयंत्रहि टेनिसच्या खेळाचेंच होतें. म्हणजे तिनेंहि दुसऱ्याची वाट चोखाळूनच आरंभ केला. तिच्या कारखान्यांत १९६५ सालीं गुनपेई योकोई हा तरुण यंत्रांच्या देखभालीसाठीं नोकरीस लागला. रिकाम्या वेळांत त्यानें लांब होणारा एक खेळण्यांतील हात बनविला होता. तो अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांनीं तो विक्रीस काढविला.

योकोईचें तत्त्व असें होतें कीं, अगदीं नवें व महाग तंत्र घेण्यापेक्षां, वापरून वापरून मुरलेलें व स्वस्त झालेलें तंत्र घ्यावें आणि त्याचा आजवर कोणी न केलेला उपयोग शोधावा. गणकयंत्रांच्या कंपन्यांनीं आपसांतील चढाओढीनें लहान पडदे अतिशय स्वस्त करून सोडले होते. आगगाडींत एक प्रवासी कंटाळून गणकयंत्राचीं बटणें दाबीत बसलेला योकोईनें पाहिला. त्यावरून खिशांत मावणारा खेळ त्यास सुचला व १९८० सालीं "गेम अँड वॉच" निघालें. १९८२ सालीं त्यांतील एक यंत्र पुस्तकासारखें मिटणारें करावयाचें होतें. उंच दांडा बसविला तर तें मिटेना. म्हणून योकोईनें अंगठ्याखालीं सपाट बसणारी, अधिक चिन्हाच्या आकाराची कळ योजिली. हीच कळ १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रावर आली, आणि पुढें प्रतिस्पर्ध्यांनींहि आकार थोडाबहुत बदलून ती स्वीकारली. आज कोणत्याहि नियंत्रकावर डाव्या अंगठ्यापाशीं पाहा; अडचणींतून जन्मलेली ती कळ तेथें दिसेल.

१९८९ सालीं योकोईच्या विभागानें "गेम बॉय" आणला. त्याचा पडदा हिरवट, रंगहीन व बिनप्रकाशाचा. अटारीनें त्याच वर्षीं व सेगानें १९९० सालीं रंगीत, उजळ पडद्याचीं यंत्रें आणलीं. पाहणारा म्हणेल, गेम बॉय हरला. परंतु सेगाच्या यंत्रास सहा सेल लागत व ते पांच तासांच्या आंतच संपत. गेम बॉय चारच सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले, किमतीनें स्वस्त होता व हातून पडला तरी सहसा बिघडत नसे. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून जगांत सुमारें ११ कोटी ८७ लक्ष यंत्रें खपलीं.

तथापि नवेपणा म्हणजे यशाची हमी, असेंहि समजूं नये. योकोईचेंच "व्हर्चुअल बॉय" हें यंत्र १९९५ सालीं आलें. डोळे लावून आंत पाहावयाचें, चित्रें फक्त तांबड्या रंगाचीं. तसें यंत्र दुसऱ्या कोणाजवळहि नव्हतें. पण लोकांस तें रुचलें नाहीं व वर्षाच्या आंतच तें मागें घ्यावें लागलें.

५. मोडलेला करार

प्रतिस्पर्धी बाहेरूनच येतो असें नाहीं. कधीं कधीं तो आपणच निर्माण करितों. सोनी कंपनींतील केन कुतारागी यांनीं निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रासाठीं आवाजाची चिप तयार केली. पुढें त्या यंत्रास सी. डी. जोडण्याविषयीं दोन्ही कंपन्यांत करार झाला. परंतु त्या करारान्वयें सी. डी. वरील खेळांची सत्ता सोनीकडे जाते, असें यामाउची यांस दिसून आलें. १९९१ च्या जून महिन्यांत शिकागो येथील प्रदर्शनांत सोनीनें आपलें "प्ले स्टेशन" हें जोडयंत्र जाहीर केलें. आणि दुसऱ्याच दिवशीं निंटेंडोनें त्याच शहरांत, आपण फिलिप्सबरोबर काम करणार असें जाहीर केलें! भर सभेंत झालेला हा अपमान सोनीच्या अध्यक्षांस फार झोंबला. कुतारागी यांस स्वतंत्र यंत्र बनविण्याची अनुज्ञा मिळाली व ३ डिसेंबर १९९४ रोजीं प्लेस्टेशन जपानच्या बाजारांत आलें. टेलिव्हिजनला जोडावयाच्या खेळयंत्रांत १० कोटींचा टप्पा गांठणारें तें पहिलें यंत्र होय.

केवळ रागाच्या भरांत एवढें यश मिळालें, असें मात्र समजूं नका. सी. डी. स्वस्त होती, तींत मजकूर पुष्कळ मावे, व खेळ रचणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांस सोनीनें आपलेंसें केलें. राग सर्वांसच येतो. त्या रागाचें काम झालें तरच त्याचा उपयोग.

६. परस्परांचें घेणें

१९९६ सालीं निंटेंडो ६४ या यंत्राबरोबर अंगठ्यानें फिरविण्याचा लहान दांडा आला. अधिक चिन्हाची कळ म्हणजे चार बटणें; तीं "डावीकडे" किंवा "उजवीकडे" एवढेंच सांगतात. दांडा मात्र "किती" हेंहि सांगतो. थोडा ढकलला तर खेळांतील मनुष्य हळू चालतो, पुरा ढकलला तर धांवतो. लांबी, रुंदी व खोली असलेल्या नव्या खेळांत हें अत्यंत आवश्यक होतें. दांड्याची युक्तीहि सर्वस्वीं नवी नव्हती. १९८२ च्या व्हेक्ट्रेक्स यंत्रावर ती होती. निंटेंडोनें तिला योग्य खेळ दिला. दुसऱ्याच वर्षीं सोनीनें एकाऐवजीं दोन दांडे बसविले; एकानें चालावें, दुसऱ्यानें सभोंवार पाहावें. ही मांडणी इतकी सोयीची ठरली कीं, पुढें निंटेंडोनेंहि ती स्वीकारली.

धक्का बसतांच हातांत थरथरणाऱ्या नियंत्रकाचेंहि तसेंच. १९९७ सालीं निंटेंडोनें थरथरण्याचा जोड निराळा विकला. सोनीनें त्याच वर्षीं तो नियंत्रकांतच बसविला. परंतु थरथरण्याच्या तंत्राचीं कांहीं पेटंटें इमर्शन नांवाच्या लहान कंपनीजवळ होतीं. तिनें २००२ सालीं सोनी व मायक्रोसॉफ्ट यांजवर दावा लावला. मायक्रोसॉफ्टनें दुसऱ्याच वर्षीं तडजोड केली. सोनी झगडत राहिली, २००४ सालीं ज्यूरीपुढें हरली व अखेर २००७ सालीं तिनें तंटा मिटविला. २००६ सालीं निघालेल्या प्लेस्टेशन ३ चा नियंत्रक आरंभीं थरथरत नव्हता, हें पालकांपैकीं कित्येकांस आठवत असेल.

आतां माझ्या विद्यार्थ्यानें दिलेलें उदाहरण. हातांत धरून हलवावयाचा रिमोट निंटेंडोनें २००६ सालीं "वी" यंत्राबरोबर आणला, व ज्या आजीआजोबांनीं कधीं खेळयंत्रास हात लाविला नव्हता तेहि दिवाणखान्यांत टेनिस खेळूं लागले. १० कोटींहून अधिक यंत्रें खपलीं. मग २०१० सालीं सोनीनें "मूव्ह" व मायक्रोसॉफ्टनें "किनेक्ट" आणलें. मुलाचें म्हणणें येथवर खरें. परंतु पाहा: अंगविक्षेप टिपणारा कॅमेरा सोनीनें "आयटॉय" या नांवानें २००३ सालींच आणला होता, म्हणजे वीच्या तीन वर्षें आधीं! आणि किनेक्टमध्यें हातांत कांहींच धरावयाचें नव्हतें. खोलीची खोली मोजणारा कॅमेरा सर्व शरीरच ओळखीत असे. तिघांचा विचार एकाच दिशेचा, वाटा तीन. नकलेंत असें होत नसतें. तेथें वाटहि एकच असते.

७. स्पर्धेची किंमत

स्पर्धेनें वस्तु सुधारतात हें खरें. पण तिच्यांत माणसें व संस्था होरपळतात हेंहि खरें. सेगा कंपनीनें निंटेंडोस सर्वांत कडवी टक्कर दिली. १९९१ सालीं तिनें "सॉनिक" हा निळा, वेगवान हेजहॉग मारिओसमोर उभा केला. परंतु १९९५ च्या मे महिन्यांत लॉस एंजेलिस येथें तिनें आपलें "सॅटर्न" यंत्र ठरल्या वेळेपूर्वींच घाईनें, ३९९ डॉलरांस, विक्रीस काढल्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं सोनीचा अधिकारी व्यासपीठावर गेला, "दोनशें नव्याण्णव" एवढाच आंकडा उच्चारला व खालीं उतरला. घाईमुळें पुष्कळ दुकानदारहि सेगावर रुष्ट झाले. १९९८ चें "ड्रीमकास्ट" उत्तम होतें. दूरच्या खेळाडूंशीं खेळतां यावें म्हणून त्यांत मोडेम आधींच बसविलेला होता. परंतु तोंवर कंपनी थकली होती. २००१ च्या जानेवारींत सेगानें यंत्रें करणें सोडल्याचें जाहीर केलें. तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनीं आपली प्रचंड खाजगी संपत्ति कंपनीस दिली व त्याच वर्षीं मार्च महिन्यांत ते निवर्तले.

त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिकचा खेळ निंटेंडोच्या यंत्रावर आला, आणि २००७ सालीं तर मारिओ व सॉनिक एकाच खेळांत एकत्र धांवले. ज्या मुलांनीं शाळेच्या ओट्यावर "तुझा मोठा कीं माझा मोठा" म्हणून भांडणें केलीं होतीं, तीं तोंवर कर्तीसवरतीं झालीं होतीं.

८. एक कबुली

आतां मला माझ्याविषयींहि सांगितलें पाहिजे. मी शाळेंत असतां, १९९० नंतरच्या एका नाताळांत, वडिलांनीं आम्हां भावंडांसाठीं टी. व्ही. ला जोडावयाचा व्हिडिओ गेम आणला. त्याच्या कॅसेटवर शेंकडों खेळ असल्याचें छापलें होतें. प्रत्यक्षांत पंधरावीसच होते व तेच निरनिराळ्या आंकड्यांखालीं पुनः पुनः येत. आम्हांस त्याचें कांहींच वाटलें नाहीं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास खेळण्याची परवानगी असे व त्या अर्ध्या तासाची आम्ही दिवसभर वाट पाहत असूं.

मोठेपणीं कळलें कीं, तें यंत्र म्हणजे फॅमिकॉमची अनधिकृत नक्कल होती. अशा नकला त्या काळीं आपल्या देशांत गांवोगांव विकल्या जात. मूळ यंत्राची रचना मासायुकी उएमुरा यांच्या हाताखालीं झाली. २०२१ सालीं ते वारले. माझ्या बालपणींच्या सर्वांत आनंदाच्या अर्ध्या तासांबद्दल त्या गृहस्थांस एक पैसाहि पोंचला नाहीं, आणि त्यांचें नांव मला पंचवीस वर्षें ठाऊक नव्हतें. माझ्या वडिलांचा त्यांत दोष नव्हता. दुकानांत जें मिळालें तें त्यांनीं प्रेमानें आणलें. आनंदहि खोटा नव्हता. पण ऋण राहिलें तें राहिलेंच. म्हणून, गुण कापणारा मास्तर नकलेपासून अलिप्त होता, असें कोणी समजूं नये.

९. उत्तर

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे आतां वळतों. बाळ, तुझें निरीक्षण खरें आहे. या कंपन्या एकमेकींचें पाहतात, घेतात; घेतल्यावांचून कोणीहि कांहीं निर्माण केलेलें नाहीं. परंतु ज्यांचें काम टिकलें, त्यांच्या बाबतींत तीन प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात. हें कोठून घेतलें? त्यांत माझी भर कोणती? ज्याचें घेतलें त्याचें ऋण मीं मान्य केलें का? अल्कॉर्नजवळ दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर होतें; तिसऱ्याचें उत्तर त्याच्या कंपनीस उशिरानें द्यावें लागलें. के. सी. मंचकिनची भर अपुरी पडली. १९८३ च्या पोकळ खेळांजवळ एकाहि प्रश्नाचें उत्तर नव्हतें. आणि "त्यांचे गुण कोणी कापीत नाहीं" हें तुझें म्हणणें तर तूं आतां स्वतःच खोडून काढशील.

तुझ्या निबंधास हेच तीन प्रश्न लावून पाहा. तुझ्या मित्राचा विषय तूं घेतला असतास, त्याचा एखादा मुद्दा "माझ्या मित्रानें असें म्हटलें आहे" असें लिहून घेतला असतास, आणि त्यापुढें तुझा स्वतःचा एकच विचार मांडला असतास, तर मीं एकहि गुण कापला नसता. कदाचित् अधिकच दिला असता.

पालकांसहि एक विनंती आहे. मूल खेळयंत्रासमोर बसलें कीं आपण रागावतों; वेळेचें बंधन असावें हें योग्यच. परंतु कधीं त्याच्या शेजारीं बसून विचारावें, "ही कळ अशीच कां केली असेल? हा खेळ तुला दुसऱ्या कोणत्या खेळासारखा वाटतो? त्याहून यांत नवें काय?" या प्रश्नांनीं खेळणाऱ्या मुलाचा पाहणारा मुलगा होतो, आणि पाहणाऱ्यांतूनच पुढें करणारे निघतात.

तो विद्यार्थी गेल्या आठवड्यांत नवा निबंध घेऊन आला. विषय त्यानेंच निवडला होता: "आमच्या गल्लींतील खेळ". निबंध दीडच पानाचा आहे व शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. शेवटच्या ओळींत त्यानें लिहिलें आहे कीं, विटीदांडूचा एक नियम आपणांस आपल्या त्याच मित्रानें सांगितला. मीं ती ओळ दोनदां वाचली, आणि तांबडी शाई बाजूस ठेवून, पूर्ण गुण दिले.